'इव्हिक्ट' म्हणजे हाकलणे नव्हे! गायरानाच्या नोटिशीला आमचा जबाब

गायरानाची नोटीस आली की आमच्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी होतात. म्हातारी माणसं पत्र्याच्या पेटीतून कागद बाहेर काढतात आणि तरुण पोरं मोबाईलमध्ये पुढाऱ्याचा नंबर शोधतात. आमचं म्हणणं स्पष्ट आहे : म्हाताऱ्यांचं बरोबर आहे, पोरांचं चुकतं आहे. का चुकतं आहे ते समजून घ्यायचं तर नोटिशीच्या विषयाची एक ओळ नीट वाचावी लागेल. 'शासकीय जमिनीवरील अतिक्रमण निष्कासित करणेबाबत.' या ओळीतल्या 'निष्कासित' या शब्दामागे एक इंग्रजी क्रियापद उभं आहे : इव्हिक्ट. आमच्या महसूल कायद्याची सगळी भाषा इंग्रजीतून उतरलेली आहे, म्हणून या शब्दाचा उगम शोधणं हा विद्वत्तेचा खेळ नाही. ज्या शब्दाने आम्हाला बाहेर काढायचं ठरवलं आहे, त्या शब्दात आमच्याच बाजूचा पुरावा दडलेला आहे.

नेकनूरच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसलं की गायरानाबद्दलची ठरलेली वाक्यं ऐकू येतात. 'सरकारी जमिनीवर बसलेत, उठवलंच पाहिजे.' 'कोर्टाचाच आदेश आहे, आता कोण काय करणार?' 'गावाची गुरं चरायची कुठं?' ही वाक्यं बोलणारे सगळेच वाईट नसतात. पण त्यातलं एकही वाक्य तपासून बोललेलं नसतं. आम्ही ती एकेक करून तपासणार आहोत.

शब्दाची जात काढू या

या देशात माणसाची जात काढतात. आम्ही शब्दाची जात काढतो. 'इव्हिक्ट' हा शब्द लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'व्हिंकेरे' म्हणजे जिंकणे. त्याला 'बाहेर, पुरतं' या अर्थाचा उपसर्ग लागून 'एव्हिंकेरे' झालं, म्हणजे पूर्णपणे जिंकणे, मात करणे. त्याच घरातली भावंडं आपल्या ओळखीची आहेत : व्हिक्टरी म्हणजे विजय, कन्व्हिक्ट म्हणजे गुन्हा शाबीत झालेला, कन्व्हिन्स म्हणजे पटवून देणे. आणि सख्खं भावंड आहे 'इव्हिन्स', म्हणजे स्पष्ट करून दाखवणे, सिद्ध करणे. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता, न्यायाच्या मार्गाने दावा जिंकून मालमत्ता परत मिळवणे. माणसाला जागेवरून बाहेर काढणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

इंग्रजीत हाकलण्यासाठी वेगळा शब्द आहेच : 'एक्सपेल'. त्याच्या मुळाशी लॅटिनचं 'पेलेरे' आहे, म्हणजे ढकलणे, पिटाळणे. तिथे जिंकण्याचा संबंध नाही, पुराव्याचा संबंध नाही. ज्याच्या अंगात जोर जास्त, तो दुसऱ्याला ढकलतो. इव्हिक्ट तसा नाही. इव्हिक्ट करायचं तर आधी दोन बाजू लागतात, दोन दावे लागतात, आणि एका बाजूला आपला हक्क वरचढ आहे हे सिद्ध करावं लागतं. पुरावा नसताना, ऐकून न घेता काढलं तर ते इव्हिक्शन नाही, ती पिटाळणी आहे.

रोमन कायद्यात तर याच्याही पुढची गोष्ट होती. एखाद्याने वस्तू विकत घेतली आणि पुढे तिसऱ्या माणसाने कोर्टात आपला हक्क सिद्ध करून ती त्याच्याकडून काढून घेतली, तर त्याला 'एव्हिक्टिओ' म्हणत. आणि अशा वेळी ज्याने ती वस्तू विकली होती, तो घेणाऱ्याला भरपाई द्यायला बांधील असे. म्हणजे काढून घेण्याच्या प्रश्नात ज्याच्याकडून वस्तू गेली, त्याच्याइतकीच देणाऱ्याचीही चौकशी होत असे. आम्ही इथे कुणाची खरेदीखतं दाखवत नाही. पण 'तुम्ही वचन काय दिलं होतं?' हा प्रश्न सरकारला विचारायचा आमचा अधिकार आहे, आणि तो पुढे आम्ही विचारणार आहोत.

आमच्या भाषेत काय उरलं?

आता मराठीकडे या. आपण सहज म्हणतो, 'हाकललं'. हा शब्द हाकण्यातून आला. हाकतात कुणाला? गुरांना. हाक मारून, काठी उगारून. गायरान म्हणजे गायीचं रान, आणि त्या रानातून माणसांना हाकलायचं, गुरांसारखं. गुरांकडून कुणी कागद मागत नाही आणि गुरांना कुणी म्हणणं विचारत नाही. तलाठी, मंडळ अधिकारी, पोलीस आणि जेसीबी एकाच सकाळी वस्तीत येतात आणि दुपारपर्यंत उभी तूर आडवी होते, तेव्हा कागदावर 'निष्कासन' लिहिलेलं असतं आणि शेतात 'हाकलणं' झालेलं असतं.

आमच्या मराठवाड्यात अजून एक शब्द आहे, निजामाच्या काळापासून महसुलात रुळलेला : बेदखल. 'बे' म्हणजे विना, आणि 'दखल' अरबीतून आलेला, आत शिरणे, ताबा असणे या अर्थाचा. याच मुळातून आपल्याकडे दाखल आला, दाखला आला, दखल घेणे आलं. कागदावर जो दाखल नाही, ज्याच्याकडे दाखला नाही, ज्याची कुणी दखल घेत नाही, तो बेदखल! आमच्या आजोबांनी तीस-तीस वर्षं दगड वेचून मुरमाड माळाची जमीन केली, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचंच राहिलं. ते त्या जमिनीवर रोज उभे होते आणि तरी बेदखल होते. म्हणून आम्ही म्हणतो, पेटीतले कागद काढणाऱ्या म्हाताऱ्यांना ही भाषा आमच्यापेक्षा जास्त कळते.

ज्याला आत घेतलंच नाही, त्याला बाहेर कसं काढता?

बाहेर काढायचं तर माणूस आधी आत असावा लागतो. आमचा समाज या गावगाड्याच्या आत कधी होता?

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हाच प्रश्न विचारला. अस्पृश्य आधी गावात राहत होते आणि मग त्यांना अस्पृश्य ठरवून बाहेर काढलं, की ते पहिल्यापासूनच गावाबाहेर राहत होते? बाबासाहेबांचं उत्तर होतं : पहिल्यापासून बाहेर. टोळ्यांच्या लढायांत मोडून पडलेली, विखुरलेली माणसं स्थिर वस्तीच्या वेशीबाहेर राहिली, आणि अस्पृश्यता त्यांच्यावर पुढे लादली गेली. असंच परक्या टोळीच्या माणसांना वेगळं ठेवण्याचं उदाहरण त्यांनी आयर्लंड आणि वेल्समधूनही दिलं होतं. फरक एवढाच की तिथे ती माणसं पुढे समाजात मिसळून गेली आणि इथे गावकुसाची भिंत कायम राहिली.

म्हणून गायरानाचा प्रश्न नुसता जमिनीचा नाही. गावठाणात आम्हाला जागा नव्हती. पांढरीत जागा नाही आणि काळीत वाटा नाही. उरलं काय? गावाच्या कडेचा माळ, ज्याच्यावर कुणाची नजर नव्हती कारण तिथे काही पिकत नव्हतं. तिथे आमची माणसं गेली. गावाने आम्हाला कडेला ठेवलं, आम्ही कडेची जमीन कसली, आणि आता कडेवरही बसायचं नाही म्हणता? मग 'अतिक्रमण' कुणी केलं? अतिक्रमण म्हणजे मर्यादा ओलांडणं. ही मर्यादा आखली कुणी आणि ती आखताना आम्हाला विचारलं होतं कुणी?

बाबासाहेबांनी १९२४ साली संस्था काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा ठेवलं आणि १९२७ साली वृत्तपत्र काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं. बहिष्कृत म्हणजे बाहेर केलेला. शिवी म्हणून मारलेला शब्द त्यांनी अंगावर घेतला आणि आरोपपत्र करून समोरच्याच्या हातात दिला. शब्दांशी कसं लढायचं हे आम्हाला तिथून शिकायला मिळालं.

बॉयकॉटची उलटी कथा

या 'बहिष्कार'ला इंग्रजीत जो शब्द आहे त्याची जन्मकथा आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवी, कारण तो शब्द जमिनीवरून बाहेर काढण्याच्या भांडणातूनच जन्मला. १८८० साल. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. कुळांनी खंड कमी करायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही आणि जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावायला सुरुवात केली. कुळांनी आणि लँड लीगने त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार माल देईनात. पीक काढायला बाहेरून माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य. त्या साहेबाच्या आडनावाचंच क्रियापद झालं.

म्हणजे बॉयकॉट हे इव्हिक्शनला दिलेलं उत्तर होतं. ज्यांना बाहेर काढायचं होतं, त्यांचं ते हत्यार होतं. आणि आमच्याकडे? आमच्याकडे तेच हत्यार बाहेर काढणाऱ्यांच्या हातात गेलं. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या त्या समितीच्या अहवालात कारण नोंदलेलं आहे : अस्पृश्य पोटासाठी सवर्णांच्या जमिनीवर आणि कामावर अवलंबून आहेत. म्हणून त्यांनी हक्क मागितला की त्यांना कसायला दिलेली जमीन काढून घेतात, काम बंद करतात, बहिष्कार घालतात. गोलमेज परिषदेसमोर बाबासाहेबांनी संरक्षणाची जी योजना ठेवली, तिच्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती आणि त्यासाठी त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशाच्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता.

आता जोड लावून बघा. ज्याच्याकडे स्वतःची एकरभर जमीन आहे त्याच्यावर बहिष्कार टाकला तर तो किमान ज्वारीची भाकरी खातो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला बहिष्कार आठ दिवसांत गुडघ्यावर आणतो. गायरानाची एकर-दोन एकर ही आमच्यासाठी शेतीपेक्षा जास्त आहे. ती 'नाही' म्हणण्याची ताकद आहे. मजुरीला 'नाही', फुकटच्या राबणुकीला 'नाही', मतासाठीच्या दमदाटीला 'नाही'. ज्यांना ही 'नाही' ऐकवत नाही, त्यांनाच गायरानावरची आमची ज्वारी खुपते.

मराठवाड्याने हे १९७८ साली पाहिलं. २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. त्या वेळी लोकांनी गावं सोडली, ती कुठल्या नोटिशीने सोडली होती? कुठल्या कलमाखाली? तेव्हा कुणी 'निष्कासन' शब्द वापरला नाही, कारण तिथे कागदाची गरजच नव्हती. आज कागद आहे म्हणून ते सभ्य झालं असं आम्ही मानत नाही.

'कोर्टाचाच आदेश आहे'

आता सर्वात जास्त फेकल्या जाणाऱ्या वाक्याकडे येऊ. गायरानाच्या विषयात सगळीकडे नाव घेतलं जातं ते सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २८ जानेवारी २०११ च्या निकालाचं. त्यानंतर १२ जुलै २०११ ला महाराष्ट्राने शासन निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत काढायला सांगितलं. राज्यभरात अशी २ लाख २२ हजारांहून जास्त अतिक्रमणं असल्याची माहिती सरकारने न्यायालयात दिली होती. गावोगाव नोटिसा निघाल्या आणि तालुक्या-तालुक्यांत मोर्चेही निघाले.

पण जगपाल सिंगचा खटला होता कशाचा? पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावाच्या तळ्याचा. काही लोकांनी गावचं तळं बुजवून त्यावर बांधकाम केलं. त्यांना हटवण्याऐवजी त्यांच्याकडून पैसे घेऊन जमीन देऊन टाकण्याचा निर्णय कलेक्टरने दिला होता. न्यायालयाने हे फेटाळलं, आणि पैशाच्या, दंडाच्या, राजकीय वजनाच्या जोरावर गावाच्या सामाईक जमिनी गिळणाऱ्यांवर कोरडे ओढले. यात आम्हाला आक्षेप घेण्यासारखं काहीच नाही. तळं बुजवणारा आमचाही शत्रू आहे.

आणि त्याच निकालात अपवाद लिहिलेला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेखाली जमीन दिलेली असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर अशा अपवादात्मक बाबतीत नियमित करता येईल. नोटीस देणाऱ्यांनी निकालाचं नाव वाचलं, तारीख वाचली, आणि नेमका हा भाग वाचायचा राहून गेला? गिळणाऱ्यांविरुद्ध दिलेला निकाल कसणाऱ्यांविरुद्ध वापरायचा, ही चलाखी आम्हाला कळते.

महाराष्ट्राने काय वचन दिलं होतं तेही पाहा. डिसेंबर १९७८ मध्ये भूमिहीनांची शेतीसाठीची जुनी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय झाला. त्यानंतर २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची असं त्यात ठरलं. १४ एप्रिल १९९० ही तारीख कुणाच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात आहे हे आमच्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांच्या शताब्दीच्या नावाने वचन दिलं आणि आज पस्तीसएक वर्षांनंतरही आमच्या लोकांचे प्रस्ताव तहसीलच्या कपाटात पडून आहेत. सरकारने स्वतःचं काम केलं नाही, म्हणून आम्ही 'अनधिकृत' ठरलो! रोमन कायदा देणाऱ्याला जबाबदार धरत होता. आमचं सरकार मात्र स्वतःची दिरंगाई आमच्या नावावर चढवतं.

कायद्यात आणखी एक खोच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५३ मध्ये जे निष्कासन आहे, त्याला इंग्रजीत 'समरी' हे विशेषण लावलेलं आहे, म्हणजे संक्षिप्त, झटपट. आम्ही मघाशी पाहिलं की इव्हिक्टच्या पोटात जिंकणं आहे. मग झटपट इव्हिक्शन म्हणजे काय? सामना न खेळता जिंकणं. पण याच कलमात पोटकलम १अ आहे. बाहेर काढण्यापूर्वी त्या माणसाला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी द्यावी आणि कलेक्टरने आपली कारणं थोडक्यात लेखी नोंदवावीत, असं ते सांगतं. म्हणजे घाईच्या कलमातही सुनावणी आहे. आणि कलम ५१ मध्ये अतिक्रमण नियमित करण्याचा अधिकारही आहे. संहितेत ५०, ५१ आणि ५३ ही कलमं शेजारी शेजारी आहेत. ५० आणि ५३ सगळ्यांना पाठ आहेत, मधलं ५१ कुणाला आठवत नाही.

आणि मुदतीचं बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर! बीड जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, या महिन्यांत आमच्या वस्त्यांना कुलपं असतात. उचल घेतलेली कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. मुलं-म्हातारे मागे. नोटीस दाराला चिकटवली, पंचनाम्यात 'जागेवर कोणी आढळले नाही' लिहिलं, झालं! समोरचा हजर नसताना जिंकलेला दावा. पोटासाठी गाव सोडलं तर तेवढ्यात जमीन सुटते, आणि जमीन सुटली की पुन्हा पोटासाठी गाव सोडावं लागतं. हे चक्र आपोआप फिरत नाही, कुणीतरी ते फिरवत असतं.

गायीच्या नावाखाली

'गुरं कुठं चरतील?' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणाऱ्या शेतकऱ्याला आमचं उत्तर प्रामाणिक आहे. आमच्याकडेही शेळ्या आहेत, चारा आम्हालाही लागतो. गावाने बसून किती जमीन चराईला, किती कसणाऱ्या भूमिहीनांना, असं ठरवायला आम्ही कधीही तयार आहोत.

पण हा प्रश्न पुढे करून मागे वेगळंच चाललं असेल तर तेही बोलू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, सौर प्रकल्पांना दिली जात आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी हे आम्हालाही हवं आहे. या योजनेत खासगी जमीन घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. आणि आमच्या माणसाने तीस-चाळीस वर्षं कसलेलं गायरान घेतलं तर? त्याचं नाव कागदावर नाही, म्हणून भाडं नाही आणि भरपाईही नाही. मग सांगा, पॅनलखाली कुठली गाय चरते? भूमिहीन बसला की गायीची आठवण होते आणि कंपनी आली की गाय विसरली जाते. आमचं भांडण गायीशी नाही, या निवडक आठवणीशी आहे.

'आता जमिनीचं काय घेऊन बसलात?'

हा शेवटचा प्रश्न बाहेरचे विचारत नाहीत, आमचीच शिकलेली पोरं विचारतात. स्पर्धा परीक्षा, नोकरी, पुणे-मुंबई. माळरानाच्या दोन एकरांत काय ठेवलंय?

त्यांना आमचा प्रश्न आहे : तुमची शिकवणीची फी कुठून आली? बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करण्याची मागणी केली आणि त्याच मसुद्यात अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी पडीक सरकारी जमीन देण्याची तरतूद मागितली. शिकून मोठा झालेला माणूस शहरात सुटतो, पण खेड्यातला भूमिहीन सवर्णाच्या दारातच राहतो, ही त्यांची चिंता होती. त्यांच्या हयातीतच, १९५३ मध्ये, मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेला. आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यात ३ लाखांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. आपल्या चळवळीने इतकी माणसं एका मागणीसाठी तुरुंगात पाठवल्याचं दुसरं उदाहरण नाही. बीड जिल्ह्यात ही मशाल एकनाथ आवाडांनी, आमच्या जिजांनी, मानवी हक्क अभियानाच्या रूपाने हातात घेतली. मातंग समाजात जन्मलेल्या आणि पुढे बुद्धाकडे वळलेल्या या माणसाने बौद्ध, मातंग, पारधी, भटके अशा सगळ्यांना गायरानाच्या एका बांधावर उभं केलं. ते २०१५ मध्ये गेले. बांध अजून तिथेच आहे.

म्हणून दयेची भाषा बंद करा. 'माणुसकीच्या दृष्टिकोनातून विचार व्हावा' असं निवेदनात लिहिलं की आपण हरलो. दया मागणारा मान्य करतो की समोरच्याचा हक्क वरचढ आहे. आपला मुद्दा वेगळा आहे : दावा आमचाही आहे, आमचा पुरावा बघा, आणि तुमचा दाखवा.

तर कामाला लागा

पहिलं, स्वतःला 'अतिक्रमणधारक' म्हणू नका. आपण गायरानधारक आहोत, कसणारे आहोत. निवेदनात, बॅनरवर, मोबाईलच्या स्टेटसवर हाच शब्द जाऊ द्या.

दुसरं, कागद गोळा करा. तलाठ्याकडे 'गाव नमुना १-ई' ही अतिक्रमणाची नोंदवही असते, तिची जुन्या वर्षांची नक्कल काढा. ज्या नोंदीने आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तीच नोंद आपण कोणत्या वर्षापासून कसतो हे सांगते. अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या फेकू नका, त्या दंडाच्या नाहीत, पुराव्याच्या आहेत. जुना पीकपेरा, पंचनामे, घरपट्टी, लाईटबिल, मतदार यादी, १९६४ च्या सत्याग्रहातल्या तुरुंगवासाची नोंद, जे मिळेल ते. हल्लीची ई-पीक पाहणी सातबाऱ्यावरच्या खातेदारासाठी आहे, म्हणून आपल्या कसण्याचा नवा पुरावा आपणच तयार करायचा आहे : दर हंगामात उभ्या पिकाचे फोटो, तारखेसह, आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज.

तिसरं, नोटिशीला उत्तर तोंडी द्यायचं नाही. लेखी द्या, कलम ५३ (१अ) प्रमाणे सुनावणी मागा, २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय जोडा, आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजा.

चौथं, फडावर जाण्याआधी कागदांचा एक संच गावात राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे आणि एक कार्यकर्त्याकडे ठेवा. दारावर नोटीस लागली तर फोटो काढून त्याच दिवशी कळवायचं, हे वस्तीतल्या शाळकरी पोरालाही माहीत असू द्या. आणि जिथे नाव लागेल तिथे नवरा-बायको दोघांचं लावा. दगड दोघांनी वेचलेत.

पाचवं, बाहेर काढायला सरकारी अधिकारी नाही, गावगुंड आले तर ते महसूल प्रकरण नाही. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये जमिनीवरून बेकायदेशीरपणे बेदखल करणं, घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं आणि सामाजिक वा आर्थिक बहिष्कार, हे तिन्ही गुन्हे आहेत. आणि त्याच कायद्यात कलम १० आहे. असा गुन्हा करण्याची शक्यता असलेल्या माणसालाच त्या भागातून दूर करण्याचा अधिकार ते विशेष न्यायालयाला देतं. म्हणजे बाहेर जायची पाळी नेहमी आमचीच असली पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. हे कलम वापरायची मागणी करा, पोलीस ठाण्यात लेखी करा.

इव्हिक्टचा अर्थ जिंकणं असेल, तर जिंकायला आम्हीही बसलो आहोत. तुम्ही सुनावणीची तारीख द्या. आमची म्हातारी माणसं पेटीसकट हजर राहतील, आणि या वेळी त्यांच्या शेजारी शिकलेली पोरं उभी असतील, कलमं पाठ असलेली.

जय भीम!